मंकीज कसे ऐकायचे: वायर काढलेल्या बेसवाल्याची शिकवणी

आधी माझ्या वायरची गोष्ट सांगतो, मग मंकीज या साठच्या दशकातल्या अमेरिकन बँडकडं येऊ.

बावीस वर्षं मी कोल्हापुरातल्या ऑर्केस्ट्रांत बेस गिटार वाजवला. गणपती, नवरात्र, कॉलेजची गॅदरिंगं, जत्रा, कुणाकुणाचे वाढदिवस. एकदा गडहिंग्लजकडच्या एका जत्रेत मॅनेजरनं ऐनवेळी सांगितलं, आज सगळं ट्रॅकवर. गायक तेवढे खरे गाणार, आपण मागं उभं राहून हात हलवायचे. माझ्या बेसची वायर अँपला जोडलीच नाही. तीन गाणी मी मुक्या तारांवर बोटं फिरवली. गंमत म्हणजे बोटं बरोबर सुरांवरच पडत होती, ती काही खोटं बोलायला तयार नव्हती. चौथ्या गाण्याला पुढं बसलेलं एक पोरगं ओरडलं, "ओ काका, तुमची वायर लोंबकाळालीया!" अख्खी पहिली रांग हसली. त्या रात्री बिदागी पूर्ण मिळाली आणि त्यानंच जास्त लागलं.

तेव्हापासून 'हे काय, हे तर वाजवतच नव्हते' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कधी नव्हते? कुठल्या गाण्यात? आणि ज्या गाण्यात वाजवत होते, ते तू ऐकलंस का?

माझा पुतण्या राजारामपुरीत गिटारच्या क्लासला जातो. बोटं विजेसारखी. मी माळ्यावर मंकीज लावले होते तेव्हा वर आला. म्हणाला, "काय ऐकालाय काका? हा तर खोटा बँड. टीव्हीवाला." म्हटलं, बस. ही शिकवणी तिथून सुरू झाली. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो, शिव्या तेवढ्या वगळून.

पाया एवढाच. १९६५ मध्ये अमेरिकेत एका टीव्ही मालिकेसाठी जाहिरात आली, बँडमधली पोरं म्हणून काम करायला चौघं पाहिजेत. चारशेच्या वर उमेदवार आले. निवडलेल्यांपैकी मिकी डोलेंझ लहानपणी सर्कसच्या मालिकेत काम केलेला बालनट. डेव्ही जोन्स मँचेस्टरचा, ब्रॉडवेच्या रंगभूमीवरून आलेला. माइक नेस्मिथ टेक्सासचा, स्वतः गाणी लिहिणारा. पीटर टॉर्क न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधल्या कॉफी हाउसांत बँजो-गिटार वाजवून दिवस काढलेला. म्हणजे दोन नट आणि दोन वाजवणारे. १२ सप्टेंबर १९६६ ला मालिका सुरू झाली, गाणी धडाधड वर गेली. पहिल्या दोन रेकॉर्डवर या चौघांचे गळे आहेत, वाद्यं मात्र जवळजवळ सगळी भाड्याच्या स्टुडिओ वादकांची. दुसरी रेकॉर्ड तर १९६७ च्या जानेवारीत यांना न विचारताच बाजारात आली. त्यावरून झालेल्या भांडणात माइकनं हॉटेलची भिंत बुक्कीनं फोडली. थोड्याच दिवसांत संगीताचा कारभारी गेला आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हे चौघं स्वतः वाद्यं घेऊन हॉलिवूडच्या स्टुडिओत बसले. त्यातून निघालेली रेकॉर्ड 'हेडक्वार्टर्स', मे १९६७. आपलं सगळं ऐकणं तिच्याभोवती आहे.

आता एक गोष्ट मनातून काढून टाका. आपण हिंदी सिनेमा बघून मोठी झालेली माणसं. पडद्यावर हिरो पियानोवर बसतो, आवाज दुसऱ्याचा, पियानो तिसऱ्याचा, आणि आपण रुमाल काढून डोळे पुसतो. त्याला कधी ढोंगी म्हटलं नाही. त्या काळात अमेरिकेतही हाच रिवाज होता. त्याच काळातल्या बर्ड्स या बँडच्या पहिल्या गाजलेल्या गाण्यात, 'मिस्टर टँबुरीन मॅन'मध्ये, बँडपैकी वाद्य वाजवलंय ते एकट्या रॉजर मॅग्विननं. बाकी स्टुडिओवाले. पण बर्ड्सना कुणी खोटं म्हणत नाही. मंकीज टीव्हीवर दिसले, म्हणून पकडले गेले.

ऐकायची तयारी. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. तिथं बेस पोहोचतच नाही. रंकाळ्याचा फोटो समोर ठेवून भेळ खाल्ल्यासारखं होतं ते. वायरवाले साधे इअरफोन चालतील, चारचाकीतला सिस्टिम चालेल, जुना टू-इन-वन असेल तर उत्तमच. मोबाइलच्या सेटिंगमध्ये मोनो आवाज चालू असेल तर बंद करा. का, ते सांगतो. साठच्या दशकातल्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये बऱ्याचदा वाद्यांचं सरळ वाटप असायचं, एक वाद्य डाव्या कानात, दुसरं उजव्यात. एक इअरफोन काढला की अर्धा बँड खोलीबाहेर जातो. हे आमच्या धंद्यातलं जुनं गुपित. ऑर्केस्ट्रासाठी गाणं बसवताना नोटेशन कुठलं मिळतंय? कॅसेट लावायची, बॅलन्सचं बटण एका बाजूला पूर्ण फिरवायचं आणि उरलेलं वाद्य कान देऊन उतरवून घ्यायचं. मंकीज ऐकताना प्रत्येक गाणं तीनदा लावा: एकदा डावा कान, एकदा उजवा, मग दोन्ही. पाऊण वेगानं लावता आलं तर चौथ्यांदा तसंही.

आणि ऐकण्याआधी कुणी काय वाजवलंय ती यादी वाचू नका. यादी वाचली की कान नाव शोधत बसतो.

सुरुवात 'यू टोल्ड मी'नं करा, ते रेकॉर्डवरचं पहिलंच गाणं. गाणं सुरू होताना आकडे मोजल्याची थट्टा ऐकू येते, तिकडं फार लक्ष देऊ नका. तुम्हाला शोधायचाय बँजो. आपल्याकडं बेंजो म्हटलं की मिरवणुकीतला, बटणं दाबून वाजवायचा तो. हा तो नव्हे. हा गोल, कातडं ताणलेला, तारा बोटांनी छेडायचा, अमेरिकेच्या खेड्यातला. पीटर तो रॉकच्या गाण्यात मधे घालतो, आणि घालताना स्वतःकडं लक्ष ओढून घेत नाही. पुतण्यानं पहिल्यांदा ऐकून विचारलं, "सोलो कुठाय?" नाही सोलो. अख्खं गाणं संपेपर्यंत तो माणूस मागं सारवण घालत बसलाय, दारात रांगोळी काढत नाही. हे ऐकू यायला मलाही दोनदा लागलं.

बेसचं मी जरा जास्त बोलणार, तेवढं माफ करा. या रेकॉर्डवर बहुतेक ठिकाणी बेस चिप डग्लसचा आहे. तो टर्टल्स बँडमधून आलेला आणि निर्माता म्हणून ही त्याची पहिलीच रेकॉर्ड. पण माइकच्या 'यू जस्ट मे बी द वन'मध्ये बेस पीटरचा आहे. हे गाणं असं ऐका: शब्द सोडा, गिटार सोडा, नुसता बेस तोंडानं गुणगुणा. डुं-डुं करत. लाज वाटत असेल तर दार लावून घ्या. दोन मिनिटांचं गाणं आहे. तिसऱ्या वेळी तुम्हाला कळेल की बेस चालीच्या मागं चालत नाही, तो चालीशी बोलतोय. गायक श्वास घेतो तिथं हा बोलतो, गायक बोलतो तिथं हा गप्प. मी ऑर्केस्ट्रात पहिली पाच वर्षं उलटं केलं. गायकाच्या प्रत्येक शब्दावर माझं बोट. एका जुन्या तबलजीनं एकदा जेवताना सांगितलं, "तू चांगला वाजवतोस, पण ऐकत नाहीस." घास तोंडातच राहिला होता.

ड्रमवाल्यांनी मिकीला सगळ्यात जास्त हिणवलंय. खरंय, मालिकेत निवड झाल्यावर तो ड्रम शिकला. त्याच्याकडं फिल, म्हणजे ठेक्याच्या मधल्या करामती, शोधू नका, मिळणार नाहीत. त्याच्याकडं हलगीवाल्याच्या कानानं बघा. तालमीच्या मिरवणुकीत हलगी-घुमकं वाजतं तेव्हा आपण काय म्हणतो? हात किती फिरतोय ते कोण मोजतं? ठेका पोटात बसतोय का, एवढंच. मिकीचं तसंच आहे. आणि डेव्हीचा टँबुरीन म्हणजे आपलं कैताळ. कैताळवाला मिरवणुकीत फुकट हिंडतोय असं सगळ्यांना वाटतं. तो चुकला की मात्र अख्खी पेठ वळून बघते. एखादं गाणं निव्वळ टँबुरीनसाठी ऐका, म्हणजे कळेल.

मिकीचंच 'रँडी स्काउस गिट' नंतर लावा. गाणं त्यानं लिहिलंय, आणि सुरुवातीला जे धडाम वाजतं ते टिंपनी, तांब्याच्या हंड्यावर कातडं ताणावं तसे मोठे नगारे. वाजवलेतही त्यानंच. कडवं एकदम मवाळ, पियानोच्या कुशीतलं. धृपद म्हणजे आरडाओरडा. शेवटी काय होतं त्याकडं कान ठेवा: मवाळ कडवं आणि आरडाओरडा एकाच वेळी, एकावर एक चढवलेत, आणि दोन्ही बसतात. म्हणजे लिहितानाच दोन्ही चाली एका सांगाड्यावर उभ्या केल्या होत्या. जो माणूस दीड वर्षापूर्वी ड्रमवर बसलाही नव्हता, त्यानं. इंग्लंडमध्ये या नावातले शब्द असभ्य, म्हणून तिथं रेकॉर्डवर 'अल्टरनेट टायटल' असं छापलं, म्हणजे नावाऐवजी 'पर्यायी नाव'. तरी तिथं ते दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं.

'शेड्स ऑफ ग्रे' रात्री ऐका. पियानो पीटरचा. मागं जे मिंडेसारखं घसरत जातं ते पेडल स्टील, मांडीसमोर आडवी ठेवायची गिटार, पायाशी पेडल; ती माइकची. चेलो आणि फ्रेंच हॉर्न बाहेरच्या वादकांनी वाजवलेत, पण त्यांनी काय वाजवायचं ते माइक आणि पीटरनं ठरवलं. हॉर्न कधी येतो ते बघा. येतो, दोन गोष्टी बोलतो, निघून जातो. आमच्याकडं पाहुणा कलाकार आणला की त्याला प्रत्येक गाण्यात घुसवायचे, पैसे दिलेत ना!

आता मुख्य भाग. 'झिल्च' नावाचा एक मिनिटाचा तुकडा आहे त्या रेकॉर्डवर. त्यात ना वाद्य, ना चाल. चौघं चार निरर्थक वाक्यं बोलतात. कुणा मिस्टर डोबालिनाचं नाव घेत एक जण सुरू करतो, त्यावर दुसरा आपलं वाक्य चढवतो, मग तिसरा, मग चौथा. चारही वाक्यं फिरत राहतात, वेग वाढतो, शेवटी सगळे हसून कोसळतात. बहुतेक लोक हा फालतूपणा म्हणून पुढं ढकलतात. (१९९१ मध्ये एका अमेरिकन रॅपरनं यातलाच डोबालिना उचलून गाणं केलं आणि गाजवलं, त्याला कान होता.) मला विचाराल तर हे लोक वाजवणारे होते की नाही याचा सगळ्यात चोख पुरावा हाच तुकडा आहे. तबल्याची पढंत आठवा. हात बांधून ठेवलेत आणि तोंडानं ताल धरायचाय. इथं तर चौघांनी चार वेगळे बोल एका समेवर आणायचेत.

ऐकून पटत नसेल तर करून बघा. आम्ही केलं.

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. पुतण्या, वहिनी, शेजारचे निवृत्त मास्तर आणि मी. प्रत्येकानं आपल्या रोजच्या तोंडातलं एक वाक्य घ्यायचं. पुतण्याचं मिसळीच्या हॉटेलातलं: "कट वाढ, कट वाढ, पाव नको, कट वाढ." वहिनीचं: "गॅस बंद केलास का, गॅस बंद केलास का." मास्तरांचं: "ओळीत बसा रे, ओळीत बसा." मी एसटीतला कंडक्टर: "राधानगरी-दाजीपूर, मागं सरका, मागं सरका." पायानं चारचा ठेका धरला. पुतण्यानं सुरुवात केली, दोन आवर्तनं झाल्यावर वहिनी आली. छान चाललं. मास्तर आले आणि पुतण्याचा कट सांडला. तो नकळत मास्तरांच्या लयीत 'ओळीत वाढ' म्हणायला लागला. मी आत शिरायला जागा शोधतोय तोवर वहिनी खरंच उठून गॅस बघायला गेल्या. वीस सेकंदसुद्धा टिकलो नाही.

चार वेळा प्रयत्न केला. चुकतं कुठं ते दुसऱ्या खेपेला लक्षात आलं. आपलं वाक्य घट्ट धरून ठेवलं की दुसऱ्याचं ऐकू येत नाही आणि आपण पळतो. दुसऱ्याचं ऐकत बसलं की आपलं वाक्य सुटतं. उपाय मास्तरांनी काढला. चौघांनी चार वाक्यांकडं नाही, पायाकडं लक्ष द्यायचं. पाय एकच. चौथ्या खेपेला मिनिटभर टिकलो, आणि मंकीज कोसळले तसेच हसून कोसळलो. मग परत 'झिल्च' लावलं. पुतण्या या वेळी काही बोलला नाही, पाय हलवत बसला. तुम्हीही घरी करा, पण वाक्यं रोजचीच घ्या. ठरवून केलेली वाक्यं जिभेवर बसत नाहीत, आणि सगळा वेळ ती आठवण्यात जातो.

त्यानंतर बाकीचं पटापट उलगडतं. 'नो टाइम' लावा, पीटरचा पियानो धुमाकूळ घालतो. हे गाणं चौघांनी मिळून केलं, पण लेखक म्हणून नाव लावलं रेकॉर्डिंग इंजिनियर हँक सिकालोचं, त्याला घर घ्यायला पैसे मिळावेत म्हणून. ही गोष्ट ऐकल्यापासून मला ते गाणं एक-दोन मार्क जास्तच द्यावेसे वाटतात, पक्षपात कबूल.

'हेडक्वार्टर्स' अमेरिकेत पहिल्या नंबरवर एकच आठवडा राहिली. पुढच्या आठवड्यात बीटल्सची 'सार्जंट पेपर' पहिल्या नंबरवर आली आणि ही दुसऱ्या नंबरवर गेली, ती अकरा आठवडे तिथंच. तो उन्हाळा असा होता. हीच रेकॉर्ड दुसऱ्या कुठल्या वेळी आली असती तर लोकांनी आठवण वेगळी ठेवली असती, असं मला वाटतं.

इथून पुढं ऐकताना मात्र सावध. त्याच वर्षाच्या पुढच्या रेकॉर्डपासून स्टुडिओ वादक परत आले. मिकीला रोजच्या ड्रमचा कंटाळा आला आणि बहुतेक ड्रम एडी हो यानं वाजवले. म्हणून 'प्लेझंट व्हॅली संडे'चा ठेका ऐकून मिकीला शाबासकी देऊ नका. तिथं दाद द्यायची ती माइकच्या गिटारला. सुरुवातीची ती वळवळती ओळ चिपनं सुचवली, वाजवली माइकनं. गिटार शिकणाऱ्यांनी ही ओळ आठवडाभर घ्यावी. सोपी दिसते. सलग तीन मिनिटं तशीच स्वच्छ वाजवून बघा, मग करंगळीला विचारा. 'डेड्रीम बिलिव्हर' सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण सुरुवातीचा पियानो पीटरचा आहे हे ध्यानात ठेवून ऐका. ते गाणं ज्या छोट्या रेकॉर्डवर निघालं, तिच्या दुसऱ्या बाजूला 'गोइंग डाउन' आहे. त्यात मिकी शब्दांचा जो भडिमार करतो तो आपल्याकडच्या शाहिरानंच ऐकावा. श्वास कुठं घेतो ते शोधा. मला तीन जागा सापडल्या, पुतण्याला पाच. आणि 'डेली नाइटली'मध्ये जे भुतासारखं घोंघावतंय तो मूग सिंथेसायझर, विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, त्या काळातली अगदी नवलाची चीज. मिकीनं स्वतः विकत आणला आणि स्वतःच बटणं फिरवली. नीट सूर लावता येत नव्हता म्हणा, पण त्यानं सूर लावायचा प्रयत्नच केला नाही, आवाज काढला.

शेवटी लाइव्ह. १९६७ च्या ऑगस्टमधल्या त्यांच्या मैफिलींचं रेकॉर्डिंग वीस वर्षांनी, १९८७ मध्ये बाहेर आलं. बहुतेक गाण्यांत चौघंच: मिकी ड्रमवर, पीटर बेसवर, माइकची गिटार, डेव्हीच्या हातात टँबुरीन नाहीतर मराकस, म्हणजे खुळखुळे. समोर पोरींचा किंचाळा असा की, स्वतःचं वाद्य ऐकू येणं मुश्किल. ज्यानं विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडला दोन डॉल्बींच्या मधे उभं राहून बेस वाजवलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. तिथं कान कामाचे नसतात. ड्रमवाल्याच्या खांद्याकडं बघत वाजवावं लागतं.

पुतण्यानं हे रेकॉर्डिंग दोन्ही इअरफोन लावून ऐकलं. मधेच एक काढला.

"काका, ठेका पळालाय इथं."

"पळालाय की."

"कुणामुळं?"

"ऐक परत आणि सांग."

त्यानं डावा कान काढला, मग उजवा. पाच मिनिटं गेली.

"सगळेच पळालेत," तो म्हणाला. "एकदम." आणि गाणं परत सुरुवातीला नेलं.